हंसाबाईची हवेली

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, पुसद, उमरखेडमार्गे ढाणकीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक..." इथवर बबिताचं तोंड रोजच्यासारखं आपोआप चाललं होतं, आणि तेवढ्यात चौकशीच्या खिडकीपलीकडून कोणीतरी म्हणालं, "नाही. आवाज नाही तिचा." कोणाला म्हणालं, कोणाबद्दल म्हणालं, हे समजायच्या आधीच फलाटाचा आकडा तिच्या जिभेवरून उडून गेला. माइक चालूच राहिला. यवतमाळच्या सगळ्या स्टँडवर, रसवंतीच्या घुंगरांवर, पिशवीवर पाय ठेवून पेंगणाऱ्या माणसांवर, डिझेलच्या वासावर, भोंग्यातून तिचा नुसता श्वास पसरला. इतकी वर्षं ती या भोंग्यातून बोलत आली होती. तिच्या आवाजावर लोक उठले होते, धावले होते, गाडी चुकली म्हणून शिव्या घालून गेले होते. पण हे कोण बोलतं म्हणून कधी कोणी मान वर केली नव्हती. आता ती गप्प झाली तर चार माना वर झाल्या. एक कंडक्टर ओरडला, "काय बाई, डोळा लागला का?" तिनं आकडा सांगितला, बटण बंद केलं आणि खिडकीकडे पाहिलं.

जाळीला कपाळ टेकून एक म्हातारा उभा होता. विटलेला लाल फेटा, कानात बारीक बाळी, डोळ्यांवर मोतीबिंदूची निळसर साय. "हंसाबाईची पोट्टी ना तू?" तो म्हणाला. "नाक तेच हाये. नाकावरूनच ओयखलं म्या. मंग तू बोलली थ्या भोंग्यातून, अन् म्हनलं, नाही बाप्पा, आवाज काही आला नाही इच्यात." एखाद्या मुलीचा रंग आईवर गेला नाही असं म्हणावं तितक्या सहज तो हे म्हणाला. तो लालसिंग. आईच्या माहेरचा, ढाणकीकडच्या तांड्याचा. नात्यानं मामा लागायचा. डोळे दाखवायला यवतमाळला आला होता. बबितानं त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "तुह्या मायच्या हवेलीले बैल म्याच धरला होता. कासरा माह्या हातात होता, बेटी. एवढ्या जवळून दुसऱ्या कोणीच नाही ऐकली." बबितानं हातातली कपबशी न पिताच खाली ठेवली. लहानपणापासून ऐकलेल्या त्या गोष्टीत बैल होता, मांडव होता, रडणारी माणसं होती, पण बैल धरणाऱ्याला चेहरा नव्हता. तो चेहरा आता समोर बसून बशी फुंकत होता.

त्यांच्या गोर बंजारा लोकांत नवरी सासरी निघाली की तिला बैलाच्या पाठीवर उभी करत. बापाच्या दारासमोर, सगळ्या तांड्यादेखत. दोन्ही हात वर करून ती गाणं म्हणायची. बापाच्या घराला, गोठ्याला, भावांना, विहिरीच्या पाण्याला भरभराट मागायची, आणि मग बैल चालू लागायचा. त्या गाण्याला हवेली म्हणतात. शिकलेलं थोडं, त्या क्षणी सुचलेलं बरंच. आयुष्यात एकदाच म्हणायचं. भजन रोज होतं, होळीची लेंगी दरवर्षी होते, कव्वालीचा दोन पार्ट्यांचा मुकाबला या गावात चुकला तर पुढच्या गावात गाठता येतो. हवेली नाही. आणि हंसाबाईची हवेली तर उमरखेडपासून दारव्ह्यापर्यंतच्या तांड्यांत अजून सांगितली जात होती. बबिता लहान असताना बोरी अरबच्या बाजारात अनोळखी बाया तिची हनुवटी धरायच्या, "इच्या मायची हवेली ऐकली म्या," असं एकमेकींना सांगायच्या आणि तिच्या मुठीत चिक्कीचा तुकडा कोंबायच्या. न ऐकलेल्या गाण्याची चिक्की तिनं किती खाल्ली असेल. प्रत्येकीचं सांगणं वेगळं. एक म्हणे, बैलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसरी म्हणे, वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं आणि पैसे घेतले नाहीत. तिसरी सांगे, नवऱ्याचा बाप, म्हणजे बबिताचा आजा, गाडीवरून उतरून पागोटं काढून उभा राहिला. वर्षं गेली तसा बैल आधी रडायचा, मग गुडघ्यावर बसायचा, मग हंबरायचा. आवाज कसा होता असं विचारलं की मात्र सगळ्या हात छातीशी न्यायच्या, मान हलवायच्या. "थे सांगता येत नाही, बाई. तिथंच असा लागे."

तिथंच असावं लागे. आणि ती तिथं कशी असणार? नवऱ्यानं, जीवननं, लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. शाळामास्तर माणूस, गाण्याबजावण्याचा नादी. त्याचीही दुखणी होती. मोठ्या नावाच्या एका कव्वालाचा मुकाबला घाटंजीला झाला त्या रात्री याला ताप आलेला. समोरच्या पार्टीनं हार मानून आपली टोपी त्याच्या पायांवर ठेवली म्हणतात, आणि हा घरी कण्हत पडलेला. झरी जामणीकडची एक जुनी नाचगाण्याची दंडार तो बघायचं बघायचं म्हणत राहिला आणि तिचा नाच्या मरून गेला. पण निदान त्याची चुकलेली गाणी त्याच्या जन्मानंतरची होती. "तुले तुह्या मायच्या लग्नाले जाचं हाये," तो म्हणाला होता. "तिकीट कोण काढन तुह्यं?" ती पण हसली होती. पण ते गाणं जिथं झालं तिथं तिला जागा नव्हती, ती जन्मायचीच त्या गाण्याच्या पलीकडे होती, ही गोष्ट हसून संपत नव्हती. ते गाणं झालं म्हणून बैल चालला, बैल चालला म्हणून हंसाबाई रामलालच्या, बबिताच्या बापाच्या, घरी आली, म्हणून बबिता. जणू मैफल संपल्यावर सतरंजी गुंडाळताना सापडलेली ती कोणाची तरी वस्तू.

कारण त्यानंतर हंसाबाई गायलीच नाही. जात्यावर नाही, निंदणात नाही, होळीला बाया गोल करून लेंगी म्हणत तेव्हाही ती कडेला बसून टाळ्या द्यायची आणि बिडी ओढायची. लोक म्हणायचे, आवाज एकाच दिवशी खर्चून आली. लहानगी बबिता आईच्या पाठीला पाठ न लावता कान लावून झोपायची. आत कुठंतरी ते असेल, झोपेत सुटेल. खरखरीत श्वास ऐकू यायचा, बिडीचा खोकला यायचा, पोटात पाणी हलायचं. गाणं नाही यायचं. बबिताचं स्वतःचं लग्न यवतमाळच्या मंगल कार्यालयात झालं. बैल नव्हता, फुलं लावलेली पांढरी गाडी होती. बाया म्हणाल्या, हंसाबाईची पोरगी, काहीतरी म्हणलंच पाहिजे. बबिता घाबरून आईकडे पाहू लागली. हंसाबाईनं गाडीच्या टपावर हात ठेवला, टप जेमतेम तिच्या खांद्याला लागत होता. "कायले म्हनाचं?" ती म्हणाली. "गाडी बुटकी हाये, बरी हाये. बसून जाय." बबिताला तेव्हा सुटल्यासारखं झालं, आणि पुढं कित्येक वर्षं असं वाटत राहिलं की आईनं तिला त्या गाण्याच्या लायकीची समजलं नाही.

"शब्द काय होते, मामा?" तिनं लालसिंगला विचारलं. हा प्रश्न तिनं आजवर प्रत्येकाला विचारला होता, आणि प्रत्येकानं आपापल्या घरच्या हवेलीतले शब्द सांगितले होते. बापाचा वाडा भरलेला राहो, विहीर भरलेली राहो. लालसिंगनं बशी खाली ठेवली. मोतीबिंदूचे डोळे एकदम ओले आणि खूश झाले. "थेच तर! थेच तर लोकाइले समजलं नाही. दूर होते ना सारे, अन् रडून राह्यले होते. म्या कासरा धरून खाली उभा. दुसऱ्या पोट्ट्या काय म्हन्तेत? भरभराट होवो, अमुक होवो. हिनं एकच ओळ धरली. मन हेट उतार, बापू. मले खाली उतरव, बापू. येवढंच. हात वर करून, पुन्हा पुन्हा. दर खेपेले निराळी चाल. कधी वरून आने, कधी असी खोल नेई का बैलाचं कातडं थरथरे. तेरा वर्साची पोट्टी! कोणी शिकवलं असन तिले? हवेलीत असी गोष्ट कोणी घातली नाही, पुढं कोणी घालनार नाही. काय हिंमत! काय डोस्कं!" आणि तो दाद देताना मान हलवतात तशी मान हलवत राहिला. बाहेर कोणतीतरी गाडी मागे घेत होते. वाहक पाठीमागच्या पत्र्यावर थाप मारत होता, आऊं दे, आऊं दे. बबितानं विचारलं, "मंग बैल?" "बैल काय? गानं सरलं, म्या कासरा ओढला. चालला." ढाणकीची गाडी लागली होती. तिनं त्याला हात धरून खिडकीची जागा मिळवून दिली. "मायले सांग," गाडी हलताना तो ओरडला, "लालसिंगच्या कानातून अजून निघाली नाही म्हना!" तिनं मान हलवली. परवा नागपूरच्या दवाखान्यात आईच्या घशातली आवाजाची पेटी काढणार आहेत, हे तिनं त्याला सांगितलं नाही. का नाही, हे तिलाही कळलं नाही. आपल्या घरचं एखादं भांडं फुटणार आहे आणि ते ज्याला फार आवडायचं त्याच्यापासून ते लपवावं, तसं काहीतरी.

दिवसभर ती गाड्या सांगत राहिली आणि दर घोषणेला आपलाच आवाज तिच्या कानाला कोरडा लागत राहिला. दारव्हा. दिग्रस. आर्णी. मध्येच तिला दवाखान्यातली ती खोली आठवे. डॉक्टर तरुण होता, मायाळू होता. त्यानं कागदावर घशाचं चित्र काढून दाखवलं. गाठ पेटीवरच आहे. काढली नाही तर श्वास कोंडेल, फार दिवस जाणार नाहीत. काढली तर मानेला कायमचं छिद्र राहील, श्वास तिथून चालेल. बोलणं जाईल. "पण घाबरू नका," तो म्हणाला, "काय हवं नको ते त्या लिहून सांगतील." खोलीत पंखा फिरत होता. हंसाबाईला लिहिता येत नव्हतं. पेन्शनच्या कागदावर, राशनवर, सगळीकडे तिचा अंगठा. बबिता 'हो' म्हणाली. जीवन 'हो' म्हणाला. हंसाबाई डॉक्टरनं काढलेल्या चित्राकडे बघत होती, आणि थोड्या वेळानं तिनंही मान हलवली, कारण सगळे हलवत होते. मग संमतीच्या कागदावर शाईचा डाग पडला आणि परिचारिकेनं तिचं बोट कापसानं पुसलं. परतीच्या वाटेवर, कळंब मागे पडल्यावर, आईनं बसल्या आवाजात विचारलं, "मंग मी तुले हाक कशी मारीन?" बबिता म्हणाली, "टाळी वाजवजो." दोघी हसल्या. आईचं हसणं फाटक्या पिशवीतून धान्य सांडावं तसं झालं. एकदा, दुसऱ्या आठवड्यात, भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "मले नको कापू, बबी. हाये तसं राहू दे." बबितानं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "भेव वाटते, याडी," ती आईला लहानपणीच्या हाकेनं म्हणाली होती, "साऱ्याइलेच वाटते." हंसाबाईनं मेथीच्या काड्या वेगळ्या काढल्या आणि पानं वेगळी काढली.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर आई ओट्यावर पाय सोडून बसली होती. उन्हं उतरली होती, समोरच्या प्लॉटवर कोणाचा तरी कापूस वाळत घातलेला. जीवन दवाखान्याची पिशवी भरत होता आणि मुद्दाम विनोद करत होता. "सासूबाई, नागपूरले चाल्लो, संत्री काय भावानं आनू?" हंसाबाईनं हातानंच मार दाखवला. बबितानं लालसिंगचा निरोप सांगितला. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बैलवाला लालू," ती म्हणाली. शब्दाशब्दाला वारा सुटत होता. "जिता हाये का?" मग बबितानं ते काढलं जे सकाळपासून, खरं तर चाळीस वर्षांपासून, तिच्या तोंडात होतं. तिनं फोन काढला, आईच्या मांडीजवळ ठेवला. "याडी, एक डाव म्हन ना. हवेली. जसी येईन तसी. मंग नाही ऐकाले भेटनार." तिच्या आवाजात जे आलं त्याची तिलाच लाज वाटली, ती विनवणी नव्हती, भूक होती. आईनं फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "हवेली घरातून निंगताना म्हन्तेत," ती म्हणाली. "इथं म्हनली तर मी निंगाले पायजे. तुले मले काढाचं हाये का?" "तसं नाही, याडी." "मंग?" जीवन पिशवीची चेन लावत थांबला. "राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "माणसाले छळते कायले?" पण बबिता थांबली नाही. "लालसिंगमामा म्हने, तू त्यात उतरव म्हनलं. खाली उतरव. थे तू सुचून म्हनली का... खरोखर म्हनत होती?" कापसावर एक बकरी आली, कोणीतरी हाकललं. मग हंसाबाई म्हणाली, "बैल उंच होता," आणि खोकला आल्यासारखं करून आत गेली.

बैल उंच होता. त्या रात्री झोप अशी आलीच नाही. डोळे मिटले की बबिताला खालून बैलाची पाठ दिसायची. पांढरी, रुंद, तिच्यावर रंगीत झूल, आणि झुलीवर दोन पावलं, अंगठे झुलीत रुतवून तोल धरणारी. पायांतली कडी नवीन, जड. खाली माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं वर. पोर दोन्ही हात वर करते. तांडा म्हणतो, आता गाईल. बापाला जे सांगायचं ते ती त्याच्याकडं बघत हवेलीच्या चालीतच म्हणते, दुसऱ्या कोणत्या रीतीनं म्हणता येतं हे तिला ठाऊक नसतं. त्या पाठीवरून बोललेलं सगळं गाणंच ठरतं. आणि गळा असा की बाप ऐकतो, आई ऐकते, वाजंत्री ऐकते, आणि सगळ्यांना वाटतं, अजून म्हणावं. कोणी हललं नाही म्हणून ती अजून म्हणते. ती जितकं चांगलं म्हणते तितकं कोणी हलत नाही. बबिता त्या गर्दीत शोधत राहिली, आपण कुठं उभ्या आहोत. सापडली असती तर तिला काय करता आलं असतं? आणि तिच्या ध्यानात आलं की त्या गर्दीत घुसून ती पुढं जात होती ती बैलापाशी पोचायला नाही, आणखी जवळून ऐकायला मिळावं म्हणून.

नागपूरच्या दवाखान्यातला ऑपरेशनच्या खोलीकडे नेणारा व्हरांडा लांब होता. दोन्ही बाजूंना बाकडी, बाकड्यांवर माणसं, डबे, चादरी. हंसाबाईला हिरवा अंगरखा घातला होता. बांगड्या उतरवल्यामुळे हात उघडे पडले होते, मनगटापासून कोपरापर्यंत निळं गोंदण, मधली कातडी सैल. चाकांचं स्ट्रेचर नेहमीपेक्षा उंच वाटत होतं; ढकलणारा माणूस मागे, बबिता कडेला आईच्या खांद्याशी, जीवन पिशवी घेऊन मागून. दाराशी पोचायला थोडंच उरलं असताना हंसाबाईनं दोन्ही हात वर केले. आधी बबिताला वाटलं, चादर काढून हवी. मग आवाज आला. तो पूर्वीचा आवाज नव्हता, असूच शकत नव्हता. गाठीला घासून, फाटून, दोन-दोन धाग्यांत निघत होता, आणि त्या दोन धाग्यांच्या मधून काहीतरी तिसरंच वर चढत होतं, ज्याला वय नव्हतं. मन हेट उतार. ओळ वर गेली, तिथं काठावर थरथरत थांबली, आणि पडेल असं वाटताना दुसऱ्याच वाटेनं खाली आली. मन हेट उतार, बबी. ढकलणाऱ्यानं चाकं थांबवली. बाकड्यांवरचे घास हातात राहिले. एक लहान मूल रडत होतं ते गप्प झालं. कोणीतरी फोन वर धरला. बबिताच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिच्या छातीत, चिक्की देणाऱ्या बाया जिथं हात ठेवायच्या तिथं, काहीतरी फुटून गरम पसरलं. हेच ते. हेच. तिला ऐकू येत होतं, तिनं आपलं नाव ऐकलं होतं, शब्दांचा अर्थ तिला कालपरवापासून पाठ होता, आणि तरी ती उभी राहिली. आणखी एक ओळ, तिला वाटलं. आणखी एकदाच, मग. आईचे डोळे तिच्यावर होते. हात वरच होते. तिसऱ्या खेपेला आवाज इतका खोल गेला की स्ट्रेचरची लोखंडी दांडी बबिताच्या बोटांखाली गुणगुणली, आणि मग तो संपला, कारण श्वास संपला. बाकड्यावरची एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काय गळा देल्ला हो देवानं." ढकलणाऱ्या माणसानं बबिताकडे पाहिलं, न्यायचं ना, अशा अर्थानं. बबितानं मान हलवली. चाकं फिरली. दार दोन्ही बाजूंनी झुललं आणि मिटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळ्यांनी तेच सांगितलं. हंसाबाईच्या मानेत एक पांढरी नळी होती आणि नळीतून श्वास जायचा-यायचा, बाटलीच्या तोंडावर हलकेच फुंकावं तसा. परिचारिकेनं पाटी आणि पेन्सिल आणून उशाशी ठेवली. पाटी कोरी राहिली. एकदा औषधाची वाटी तिच्यावर ठेवली गेली, मग ती तेवढ्याच कामाची झाली. हंसाबाई टाळी वाजवत नव्हती. ती छताकडे बघत पडून असायची, किंवा बबिताकडे. डॉक्टर येऊन म्हणाला, "आजींचं गाणं आमच्या सगळ्या मजल्यावर गाजलं. काय म्हणत होत्या त्या? कोणती भाषा?" जीवननं बायकोकडे पाहिलं. त्याला गोरबोली येत होती. तोही तिथं होता, त्यानंही ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यानं एकही विनोद केला नव्हता. "जुनं गाणं हाये," बबिता म्हणाली. "लग्नातलं."

व्हरांड्यातल्या कोणाच्या तरी फोनमधून ते गाणं निघालं आणि तांड्यातांड्यांवर फिरलं. ढाणकीकडं गेलं, बोरी अरबला आलं, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांनी लाल बदाम लावून पुढं पाठवलं. हंसाबाईची हवेली, पन्नास वर्षांनी पुन्हा. दुपारी लालसिंगचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरून, ओरडून बोलत होता. "ऐकली, बेटी! नातवानं लावून देल्ली. दोन डाव ऐकनारा पुऱ्या दुनियेत म्या एकटाच! आता डोये नाही राह्यले तरी चालते." मग जरा थांबून, मायेनं, जाणकारानं जाणकाराला विचारावं तसं, "फोनात नीट नाही आलं. शब्द थेच होते ना?" बबितानं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे पाहत होती. नळीतून श्वास आत गेला, बाहेर आला. "शब्द नाही समजले, मामा," बबिता म्हणाली. "आवाजच येवढा होता." "हो ना!" तिकडून लालसिंग म्हणाला. "हो ना, बाप्पा! तिथंच असा लागे!"

तिनं फोन उपडा ठेवला. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. लोखंडी पलंग, चाकांचा, बराच उंच. हंसाबाईनं चादर पायानं बाजूला सारली. मग तिनं दोन्ही हात वर केले. गोंदलेले, उघडे, थोडे थरथरणारे. बबिता जागची हलली नाही. तिचे कान आपोआप टवकारले, श्वास रोखला गेला, आणि मानेवरचा तो काटा पुन्हा यायला निघाला. पण हात गाण्यासारखे ताठ वर गेले नव्हते. ते कोपरात वाकले होते, तिच्याच बाजूला पसरले होते, बोटं उघडमीट करत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या दोन वर्षांच्या नातवानं सकाळी बाकावरून असेच हात केले होते. "याडी," बबिता म्हणाली. ती उठली. आईच्या काखेत हात घालून तिनं तिला जवळ ओढलं. वजन काहीच नव्हतं, नळीची ऊब तिच्या गळ्याला लागली. हळूहळू, एक पाय, मग दुसरा, तिनं आईला पलंगावरून खाली उतरवलं. हंसाबाईची पावलं फरशीला टेकली. अंगठे फरशीवर घट्ट रोवून ती उभी राहिली, खाली पावलांकडे बघत, आणि तिनं बबिताचा हात आपल्या काखेतून काढून बाजूला ठेवला.